मनोरुग्णाच्या पोटात दुखतं तेव्हा

कोरेगाव म्हटलं की बाहेरच्या माणसाला भीमा-कोरेगाव आठवतं. हे ते नव्हे. हे साताऱ्याच्या पूर्वेला वीसेक किलोमीटरवरचं, पुणे-मिरज रेल्वेमार्गावरचं, वाघ्या घेवड्यासाठी नाव असलेलं तालुक्याचं गाव. इथल्या एखाद्या घरात कुणाचं मन बिघडलं तर वाट साधारण ठरलेली असते. आधी गावातला डॉक्टर, मग कुणाच्या तरी सांगण्यावरून देवऋषी, मग साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी 'सिव्हिल', आणि घरात आवरेनासं झालं की पुण्याचं येरवडा मनोरुग्णालय. या वाटेवर त्या माणसाचं अंगही दुखत असतं. कधी आजारानं, कधी उपचारानं, कधी आजार उतरवण्याच्या नावाखाली झालेल्या मारहाणीनं. पण एकदा 'डोक्याचा पेशंट' हा शिक्का बसला की त्याच्या पोटात, पाठीत, दाढेत दुखतं ते खरं मानायला कुणी चटकन तयार होत नाही. आणि जे दुखणं तो बोलूनच दाखवत नाही, ते शोधायला तर कुणी जातच नाही.

नैराश्य आलेली बाई "मला उदास वाटतंय" असं म्हणत दवाखान्याची पायरी चढत नाही. ती म्हणते, "डॉक्टर, अंग मोडून येतंय. डोकं भणभणतंय. घेवड्याची काढणी उरकून महिना झाला तरी कंबर सोडत नाय." डॉक्टर रक्त तपासतात, एक्स-रे काढतात, काही निघत नाही. मग एक सुई, एक सलाईन, चार दिवसांच्या गोळ्या. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. जागतिक आरोग्य संघटनेनं चौदा देशांत केलेल्या पाहणीत बंगळूरही होतं. तिचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले, त्यात नैराश्याच्या ६९ टक्के रुग्णांनी डॉक्टरकडे येण्याचं कारण म्हणून फक्त शारीरिक तक्रारी सांगितल्या होत्या. म्हणजे कोरेगावची बाई जे करते तेच जगभर चालतं.

ही अंगदुखी 'मनाची समजूत' नसते. शरीरात कुठंही इजा झाली की तिचा संदेश मज्जारज्जूतून मेंदूकडे चढतो, हे आपल्याला ठाऊक असतं. मेंदूकडून उलट खाली उतरणारे तंतूही असतात, हे सहसा ठाऊक नसतं. वर चढणारे संदेश किती आत घ्यायचे आणि किती अडवायचे, हे ते ठरवतात. हे काम ज्या रसायनांच्या बळावर चालतं त्यांत सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनलिन मुख्य, आणि नैराश्यात ज्या यंत्रणा ढासळतात त्यांतही हीच दोन. मग एरवी जाणवलीही नसती अशी कंबरेतली कळ दिवसरात्र ठणकायला लागते. म्हणूनच अॅमिट्रिप्टिलीन किंवा ड्युलॉक्सेटीनसारखी औषधं नैराश्यालाही देतात आणि नसांच्या दुखण्यालाही. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून सून नाटक करते असं ठरवणाऱ्या घरांना ही गोष्ट कुणीतरी समजावून सांगायला हवी. डॉक्टरांनाही, खरं तर.

आता देवऋषी. सगळेच मारतात असं नाही. अंगारा देऊन, लिंबू उतरवून सोडून देणारे पुष्कळ. पण भूत काढायच्या नावाखाली माणसाला दोरीनं किंवा साखळीनं बांधणं, काठीनं-चाबकानं झोडणं, मिरचीची धुरी देणं, तापलेल्या वस्तूचे चटके देणं हे प्रकार महाराष्ट्रात एवढे चालत होते की २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत ते एकेक करून नोंदवावे लागले. या कायद्यासाठी झटणारे नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच, पेशानं डॉक्टर. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्याच महिन्यात सरकारनं वटहुकूम काढला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा केला. अनुसूचीतलं ते पहिलं कलम सावकाश वाचलं तर ती मनोरुग्णाच्या अंगावरच्या जखमांची यादीच वाटते.

त्या जखमा घेऊनच माणूस वॉर्डात येतो. मनगटावर दोरीचा वळ, दंडावर डाग, छातीत मुकामार. बरगडी मोडली असेल तर श्वास घेताना सणक भरते आणि माणूस उथळ, भराभर श्वास घेतो. वरवर बघणाऱ्याला ती नुसती घाबरगुंडी वाटते. भरती करताना सदरा काढून अंग तपासलं तर हे सगळं पाच मिनिटांत समोर येतं. पण रात्री अकराला, चौघांनी धरून आणलेल्या, शिव्या देणाऱ्या माणसाचा सदरा काढायचा कुणी? इंजेक्शन देऊन त्याला झोपवतात, सकाळी तो शांत असतो, आणि शांत माणसाला काही दुखत असेल असं कुणाच्या मनात येत नाही.

स्किझोफ्रेनियात प्रकरण आणखी अवघड होतं. एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञानं शंभरेक वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं की हे रुग्ण सुई टोचली, चटका बसला, अवघडून बसावं लागलं तरी फारशी तक्रार करत नाहीत. तेव्हापासून वैद्यकीय साहित्यात अशा नोंदी येत राहिल्या आहेत: अपेंडिक्स फुटलेलं, पण रुग्ण वॉर्डात फेऱ्या मारतोय, हाड मोडलेलं, पण त्याच पायावर चालतोय, हृदयविकाराचा झटका येऊन गेला, आणि कळलं ते नंतर कार्डिओग्राम काढल्यावर. यावरून बरीच वर्षं असं धरून चालले होते की या लोकांना दुखतच नाही. फ्रान्समध्ये १९९४ साली एका प्रयोगात प्रश्न वेगळ्या पद्धतीनं विचारला गेला. पायाच्या नसेला विजेचा धक्का दिला की पाय आपोआप आखडतो, माणसाच्या सांगण्या-न सांगण्यावर ते अवलंबून नसतं. ही प्रतिक्षिप्त क्रिया स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत आणि निरोगी माणसांत सारख्याच तीव्रतेला सुरू झाली. म्हणजे संदेश आत पोचतो. फरक पडतो तो पुढं, त्या संदेशाकडे लक्ष जाण्यात, त्याचा अर्थ लावण्यात आणि तो दुसऱ्याला सांगण्यात. सगळ्यांच्या बाबतीत असंच घडतं असा दावा कुणी करू नये, पण 'त्याला दुखत नाही' आणि 'तो दुखतंय असं म्हणत नाही' या दोन गोष्टींत जीव वाचण्या-न वाचण्याएवढं अंतर आहे.

कधी तो म्हणतोही, पण असं काही की ऐकणारा हसून सोडून देतो. "पोटात साप सोडलाय भावकीनं. रात्री डसतोय." आता साप म्हणजे भ्रम, यात वाद नाही. केसपेपरवर तसंच लिहिलं जातं आणि औषधाचा डोस वाढतो. पण साप रात्रीच का डसतो? दोन घास खाल्ल्यावर तो गप्प का होतो? उपाशीपोटी, रात्री जळजळणारं आणि खाल्ल्यावर निवणारं दुखणं हे लहान आतड्याच्या तोंडाशी झालेल्या अल्सरचं जुनं लक्षण आहे. साप खोटा आणि अल्सर खरा, असं दोन्ही एकाच पोटात असू शकतं. आजारी मन त्या खऱ्या कळेला आपल्या हाताशी असलेलं स्पष्टीकरण देतं, इतकंच. म्हणून साप म्हणजे काय याचा खल करत बसण्याआधी त्या माणसाला कॉटवर आडवं करून पोट दाबून बघावं. दाबताना डोळे पोटाकडे नकोत, त्याच्या चेहऱ्याकडे हवेत. कपाळाला आठी पडते, ओठ आवळले जातात, पोट हाताखाली ताठ होतं.

औषधांमुळे होणारं दुखणं हा वेगळा अध्याय, आणि घरच्यांना सर्वांत घाबरवणारा. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, हॅलोपेरिडॉल सुरू होऊन दुसरा-तिसरा दिवस. जेवता जेवता मान एका बाजूला वळायला लागते. तो हातानं सरळ करायला जातो, ती पुन्हा वळते. जबडा आवळतो, जीभ जड होते, बोबडं बोलल्यासारखे शब्द फुटतात. डोळे वर चढतात आणि छताला खिळून राहतात. स्नायू एवढे घट्ट आवळलेले असतात की वेदनेनं डोळ्यांतून पाणी येतं, पण तो पूर्ण शुद्धीवर असतो, सगळं ऐकत असतो. शेजारी बसलेल्या आईला वाटतं, अंगात आलं. गावाकडे फोन जातो. खरं तर तो मेंदूतल्या डोपामिनवर औषधानं घातलेल्या अटकावाचा परिणाम असतो आणि प्रोमेथॅझिनच्या एका इंजेक्शननं साधारण अर्ध्या तासात मान सैल पडते. आपल्याकडच्या वॉर्डांत हॅलोपेरिडॉलबरोबरच प्रोमेथॅझिन देऊन टाकण्याची पद्धत आहे, त्यामुळे हे बरंचसं टळतं. पण गोळ्या घेऊन घरी गेलेल्या मुलाला कोरेगावात रात्री दहाला असं झालं आणि याबद्दल आधी कुणी सांगितलेलं नसलं, तर देवऋषीचा धंदा पुन्हा चालू.

त्यामानानं बद्धकोष्ठ म्हणजे अगदीच किरकोळ वाटणारी बाब. ती किरकोळ नाही. इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियात क्लोझापिन हे सर्वांत गुणकारी औषध, त्यानं कित्येक जण माणसात आले आहेत. पण ते आतड्याची हालचाल मंदावतं. न्यूझीलंडमध्ये मोजून बघितलं तेव्हा क्लोझापिन घेणाऱ्यांच्या मोठ्या आतड्यातून मळ पुढं सरकायला एरवीच्या सुमारे चौपट वेळ लागत होता. पोट फुगतं, मळ अडतो, आतडं निकामी होतं, आणि त्यातून माणसं दगावतात. क्लोझापिन म्हटलं की सगळे रक्तातल्या पांढऱ्या पेशींची काळजी करतात, ती करावीच, पण "परसाकडला झाली का?" हा प्रश्न वॉर्डात रोज विचारला गेला पाहिजे. अनेक रुग्ण स्वतःहून सांगत नाहीत, आणि पोटात दुखतंय म्हणाले तरी आधी वर सांगितलेला साप आडवा येतो.

दातांचंही तसंच. कितीतरी मनोविकाराच्या औषधांनी तोंड कोरडं पडतं, लाळ नाही म्हणून दात किडतात, त्यात तंबाखू-मिश्री असतेच. दीर्घ मानसिक आजार असलेल्या माणसांचे सगळे दात पडून जाण्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास तिप्पट असल्याचं अनेक अभ्यास एकत्र करून दिसलं आहे. ठणकणाऱ्या दाढेवर हात दाबून बसलेला रुग्ण 'कानात आवाज येतायत म्हणून कान धरतोय' असा वाचला जाणं काही अशक्य नाही. जुन्या रुग्णांची हाडंही ठिसूळ होतात, कारण काही औषधांनी प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं आणि हाडांतलं कॅल्शियम घटतं. वीस-वीस वर्षं वॉर्डात काढलेली म्हातारी बाई न्हाणीघरात घसरली तर खुब्याचं हाड मोडायला तेवढं पुरतं.

विजेच्या उपचारांबद्दल लोकांच्या मनात जी भीती आहे तिचं मूळही दुखण्यातच आहे. १९३८ साली रोममध्ये हे उपचार सुरू झाले तेव्हा भूल नव्हती, स्नायू सैल करणारं औषध नव्हतं, आणि झटक्याच्या जोरानं मणके दबून मोडायचे. पुढं दोन्ही आली, तरी आपल्याकडे भूल न देता शॉक देणं एकविसाव्या शतकातही चालू होतं. 'सार्थक' या संस्थेनं त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. अखेर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला बंदी घातली. त्याच कलमानं साखळीनं बांधण्यालाही बंदी केली. तमिळनाडूतल्या एरवाडीत ६ ऑगस्ट २००१ ला लागलेल्या आगीत साखळीनं जखडलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्यानं होरपळून मेले होते, ते अजून अनेकांच्या लक्षात असेल. आज नीट दिलेल्या शॉकनंतर डोकं दुखतं, जबडा आणि अंग दुखतं, पॅरासिटामॉलनं ते बसतं. तेवढीही गोळी रुग्णानं मागितल्याशिवाय मिळत नसेल तर मात्र ती कंजुषी आहे.

दारूच्या वॉर्डाकडे उभ्या उभ्या नजर टाकू. साताऱ्यात दाभोलकरांनीच उभ्या केलेल्या 'परिवर्तन' संस्थेमुळे या भागात व्यसनमुक्ती हा शब्द घरोघरी माहीत आहे. दारू सुटताना अंग ठणकतं, हात कापतात, हे सगळे जाणतात. पण याच माणसाचं स्वादुपिंड सुजलेलं असू शकतं. वरच्या पोटातून थेट पाठीत आरपार जाणारी ती कळ असते आणि माणूस पुढं वाकून गुडघे पोटाशी घेऊन बसतो. तळपायाची आग दारूनं नसा झिजल्याची असते. आणि तो बरळत असेल तर आठवडाभरापूर्वी मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागला होता का, हे बायकोलाच विचारावं लागतं.

मग हे सगळं का निसटतं? एक कारण जुनं आहे आणि ते इमारतींतच आहे. महाराष्ट्रात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं: नागपूर, रत्नागिरी, ठाणे, येरवडा. मंजूर खाटा अनुक्रमे ९४०, ३६५, १८५० आणि २५४०. इंग्रजांच्या काळी वेड्यांना गावापासून, आणि इतर रुग्णांपासूनही, लांब ठेवायचं अशी कल्पना होती. मन एका आवारात, शरीर दुसऱ्या. येरवड्यातल्या रुग्णाचं पोट फाडायची वेळ आली तर त्याला ससून रुग्णालयात न्यायला लागतं, आणि तिथं तो पोहोचतो तो पोटाचा रुग्ण म्हणून नव्हे, 'येरवड्याचा पेशंट' म्हणून. सर्वसाधारण रुग्णालयातच मानसोपचाराचा विभाग असावा ही कल्पना मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९३८ सालीच आली होती. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी सर्जन, दंतवैद्य आणि मानसोपचारतज्ज्ञ एकाच संस्थेत असतात, तिथं रुग्णाला अॅम्ब्युलन्सनं शहर ओलांडावं लागत नाही. माझं मत विचाराल तर पुढचा पैसा अशा ठिकाणी जावा, जुन्या भिंती रंगवण्यात नव्हे. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं लवकर जातात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यातले बहुतेक जण आत्महत्येनं नव्हे, तर हृदय, फुप्फुस, मधुमेह असल्या टाळता येण्याजोग्या शारीरिक आजारांनी जातात.

२०१७ च्या कायद्याचं २१ वं कलम यासाठी कामाचं आहे. शरीराच्या रुग्णाला ज्या दर्जाची सेवा मिळते, अॅम्ब्युलन्सपासून तातडीच्या उपचारांपर्यंत, तीच मनाच्या रुग्णाला मिळाली पाहिजे, असं ते सांगतं. "हा सायकियाट्रीचा आहे, आधी तिकडं न्या" असं कॅज्युअल्टीत म्हणणं या कलमात बसत नाही.

दुसरं कारण म्हणजे आपण दुखणं विचारतो कसं. 'शून्य ते दहामध्ये किती?' हा प्रश्न पुस्तकात ठीक आहे. औषधांनी सुस्तावलेल्या, चौथी शिकलेल्या माणसाला तो परीक्षेसारखा वाटतो. त्याला विचारावं, ठणकतंय का, चमक मारतेय का, आग होतेय का, गोळा उठतो का, मुंग्या येतात का. यातून आकडा मिळत नाही, पण डॉक्टरला त्याहून उपयोगाचं काही मिळतं. चमक आणि आग नसेकडे बोट दाखवते, ठणका सुजेकडे किंवा पू झाल्याकडे, येऊन-जाऊन उठणारा गोळा आतड्याकडे किंवा मुतखड्याकडे. जो बोलतच नाही त्याच्यासाठी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांकरता २००३ साली केलेली एक साधी पट्टी आहे. श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची ठेवण, आणि समजावल्यावर तो निवतो का, या पाच गोष्टी बघायच्या. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० साली आपली व्याख्या सुधारली, तेव्हाही हे कायम ठेवलं की बोलता येत नाही म्हणून वेदना नाही असं धरता येत नाही.

आपल्याकडे ही पट्टी वापरायला एक माणूस आयताच हजर असतो. सिव्हिलला किंवा मेडिकल कॉलेजला रुग्णाजवळ घरचं कुणीतरी थांबतं. बहुधा आई नाहीतर बायको, कॉटखाली सतरंजी टाकून. तो डाव्या कुशीवर झोपणारा आज उजव्या कुशीवर का वळला, भाकरीचा तुकडा एकाच बाजूनं का चावतोय, चालताना पाय का ओढतोय, हे तिला नर्सच्या आधी दिसतं. ती राऊंडच्या वेळी बोलत मात्र नाही, कारण मोठे डॉक्टर घाईत असतात आणि तिला कुणी विचारलेलं नसतं.

आता गोळ्यांचं, कारण चूक सर्वांत सहज होते ती इथं. लिथियम हे टोकाच्या मनःस्थितींच्या आजारावरचं, १९४९ पासून माहीत असलेलं, आजही अव्वल औषध. पण त्याची उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर थोडं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही घरोघरी असणारी वेदनाशामकं मूत्रपिंडाकडून लिथियम बाहेर टाकलं जाणं कमी करतात आणि रक्तातली पातळी चढते. कंबर धरली म्हणून मेडिकलमधून कॉम्बिफ्लॅम घेतलं तर त्यातही आयबुप्रोफेन आहे. उन्हात ऊस तोडून घाम गेला, जुलाब झाले, पाणी कमी प्यायलं, तर पातळी आणखी चढते. हात जोरात थरथरणं, उलट्या, चालताना झोक जाणं, जीभ अडखळणं ही त्याची चिन्हं, आणि ती दिसली की पुढची गोळी न देता त्याच दिवशी रक्त तपासायचं. ट्रॅमाडॉलचंही जपून. नैराश्याच्या बऱ्याच गोळ्यांबरोबर ते घेतलं तर फिट येऊ शकते. पॅरासिटामॉल ठरलेल्या मात्रेत बहुतेकांना चालतं, मात्र दारूनं यकृत खराब झालेल्यांनी डॉक्टरला विचारूनच घ्यावं. घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर 'लिथियम चालू, आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक देऊ नये' एवढी ओळ मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून मागावी, आणि कार्डाचा फोटो घरातल्या दोघातिघांच्या मोबाइलमध्ये ठेवावा. काउंटरवर गोळी मागायला रुग्ण स्वतः जाईलच असं नाही, बऱ्याचदा शेजारचं पोरगं जातं.